एका गाण्यापुरते बँड

रॉक संगीताचा इतिहास सहसा अल्बमांच्या हिशेबाने लिहिला जातो. कोणत्या बँडचा कोणता अल्बम कधी आला, किती खपला, त्याने पुढच्या कोणावर छाप पाडली. या हिशेबात ज्यांचा अल्बम निघालाच नाही, ते बँड आपोआप गळतात. 'इमो' या संगीताच्या बाबतीत ही गळती फार मोठी आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या लहानमोठ्या शहरांत इमो वाजवणारे बहुतेक बँड शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींचे होते आणि कॉलेज संपेपर्यंतच टिकायचे. एखादी डेमो कॅसेट, एखादी सात इंची तबकडी, कोणाच्या तरी संकलनात एखादं गाणं, आणि मग नोकऱ्या, लग्नं, दुसरं गाव. त्यामुळे इमोचा इतिहास समजून घ्यायचा तर मला अल्बमांपेक्षा संकलनं जास्त भरवशाची वाटतात. अनेक अनोळखी बँडची एकेक-दोनदोन गाणी एकत्र करून काढलेल्या त्या तबकड्या, कॅसेटी आणि सीड्या. त्या ऐकताना इमोची जी गोष्ट दिसते, ती नेहमीच्या गोष्टीपेक्षा बरीच वेगळी आहे.

नेहमीची गोष्ट थोडक्यात अशी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वॉशिंग्टन डीसीमध्ये हार्डकोअर पंक जोरात होतं: वेगवान, आक्रमक, मिनिट-दीड मिनिटाची गाणी. काही वर्षांतच त्या मैफिलींमधल्या मारामाऱ्यांना तिथलेच काही जण कंटाळले. 1985च्या उन्हाळ्यात, ज्याला पुढे 'रेव्होल्यूशन समर' म्हटलं गेलं, राइट्स ऑफ स्प्रिंग, एम्ब्रेस अशा बँडनी तोच जोर ठेवून गाण्यात स्वतःची घालमेल आणली. कोणीतरी त्याला 'इमोशनल हार्डकोअर' म्हटलं, त्याचं 'इमोकोअर' झालं आणि मग नुसतं 'इमो'. एम्ब्रेसचा गायक इयन मकाय याने मंचावरूनच या शब्दाची खिल्ली उडवली होती. पुढे हा शब्द वॉशिंग्टनबाहेर पसरला, 2002मध्ये जिमी ईट वर्ल्डचं 'द मिडल' बिलबोर्डच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं, त्यामागोमाग काळे कपडे आणि डोळ्यांवर केस असलेली पोरं टीव्हीवर आली, आणि इमो हा थट्टेचा विषय झाला.

या गोष्टीत 1986 ते 2001 ही पंधरा वर्षं जवळजवळ रिकामी आहेत. तो काळ संकलनांचा होता.

संकलन म्हणजे सूचनाफलक

पंकमध्ये संकलनाचं काम सुरुवातीपासूनच निराळं होतं. मोठ्या कंपन्या संकलन काढत ते आधीच गाजलेली गाणी पुन्हा विकण्यासाठी. पंकवाले काढत ते कोणी न ऐकलेली गाणी पहिल्यांदा बाहेर आणण्यासाठी. इंग्लंडमध्ये क्रास या बँडने 1980मध्ये 'बुलशिट डिटेक्टर' काढलं, लोकांनी पोस्टाने पाठवलेल्या कॅसेटींमधून निवडून. मकाय आणि त्याच्या मित्रांच्या डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सने 1982मध्ये 'फ्लेक्स युअर हेड' काढलं: अकरा बँड, बत्तीस गाणी, सगळे एकाच शहरातले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात 'नॉट सो क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट' आलं, त्यात 47 बँड होते. त्या दुहेरी तबकडीसोबत एक पुस्तिका दिलेली होती. ती पुस्तिका म्हणजे 'मॅक्झिमम रॉकनरोल' या फॅनझीनचा पहिला अंक. पुढची जवळपास चार दशकं छापील स्वरूपात निघत राहिलेलं, जगभरच्या पंकचं हे लघुअनियतकालिक एका संकलनाच्या पोटातून जन्मलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तबकडी आणि पत्ता, गाणं आणि पत्रव्यवहार, हे त्या जगात एकमेकांपासून वेगळे नव्हतेच.

यामागचा व्यवहारही साधा होता. तबकडी किंवा सीडी छापायची तर किमान शेकड्यांत, बहुधा हजारात प्रती काढाव्या लागत. एका अनोळखी बँडला एवढ्या प्रती खपवणं जमत नाही. दहा-बारा अनोळखी बँड मिळून जमतं, कारण प्रत्येकाचे आपापल्या गावातले पन्नास-शंभर ऐकणारे असतात. बँडला पैशांऐवजी बहुतेकदा काही प्रती मिळत, त्या तो मैफिलीत विकत असे. सोबतच्या कागदावर प्रत्येक बँडचा पत्ता असे. ओहायोतल्या मुलाला फ्लोरिडातल्या बँडचं गाणं आवडलं की तो पाकिटात दोन-तीन डॉलर घालून थेट त्यांना लिहीत असे आणि डेमो मागवत असे. पुढच्या उन्हाळ्यात तोच बँड व्हॅन घेऊन दौऱ्यावर निघाला, की ओहायोतल्या त्याच मुलाच्या घराच्या तळघरात त्यांची मैफल होई. संकलनाच्या कागदावरचे पत्ते हाच त्यांचा नकाशा.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात मात्र एक अडचण आली. 'मॅक्झिमम रॉकनरोल'ने 1994च्या सुमारास ठरवलं की फक्त त्यांच्या व्याख्येत बसणाऱ्या पंकचीच परीक्षणं छापायची. हळूहळू वाढत जाणारी, मध्येच पुटपुटणारी आणि मध्येच किंचाळणारी इमो गाणी त्यात बसणार नव्हती. याच वातावरणात दोन नवी फॅनझीन निघाली: शिकागोत 'पंक प्लॅनेट' आणि कॅलिफोर्नियात, एबुलिशन रेकॉर्ड्स चालवणाऱ्या केंट मॅक्लार्डचं 'हार्टअटॅक'. 'हार्टअटॅक'चा नियम असा होता की ज्या तबकडीवर बारकोड आहे, तिचं परीक्षण करायचं नाही. बारकोड म्हणजे दुकानांच्या साखळीत विकायची तयारी, आणि ती तयारी त्यांना नको होती. आज हा नियम हट्टी वाटेल. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. ज्या तबकड्यांची इतर कुठेच नोंद होणार नव्हती, त्यांची इथे झाली.

नाव छापण्याचं धाडस

या पार्श्वभूमीवर 1997मध्ये डीप एल्म या छोट्या कंपनीने एक सीडी काढली आणि तिच्यावर सरळ छापलं: 'द इमो डायरीज'. पहिल्या भागाचं उपशीर्षक होतं 'व्हॉट्स माइन इज युअर्स', म्हणजे माझं ते तुझं.

तेव्हा इमो म्हणवून घ्यायला कोणताही बँड सहज तयार नसे. तो शब्द दुसऱ्याला चिडवण्यासाठी होता. साहित्यात आपल्याकडेही हे काही नवं नाही. चळवळीचं नाव बहुतेकदा विरोधकच देतात आणि आतले लोक ते झटकत राहतात. डीप एल्मने ते झटकलं नाही, मालिकेचं नाव म्हणून वापरलं. आणि दार उघडं ठेवलं: कोणीही, कुठूनही गाणं पाठवावं. त्यामुळे पुढच्या भागांत आलेले बहुतेक बँड कोणत्याही कंपनीशी करार नसलेले होते, आणि त्यात अमेरिकेबाहेरचेही होते. 2011पर्यंत या मालिकेचे बारा भाग निघाले.

हे भाग मी ऐकले ते मूळ सीड्यांवर नाही. पुण्यात, 2000नंतरच्या दशकात, एमपीथ्री फायलींच्या रूपात ते माझ्यापर्यंत आले. फायलीवर बँडचं नाव, गाण्याचं नाव, बस्स. पत्ते छापलेला कागद या प्रवासात गळून गेला होता. पण त्यामुळे एक फायदा झाला. कोण पुढे मोठं झालं आणि कोण नाही, हे माहीत नसताना मी सगळी गाणी सारख्याच कानाने ऐकली. पहिल्या भागात जिमी ईट वर्ल्ड आहे, आणि त्यांच्या शेजारी सॅमियाम, जेजून, कॅम्बर, पोगो. एका ओळीत, सारख्याच मापाचे. पाच वर्षांनी यातला एक बँड अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओवर वाजणार आहे, याची कोणतीही खूण त्या क्रमात नाही.

मालिका सलग ऐकताना आणखी एक गोष्ट जाणवते: यातली गाणी एकमेकांसारखी नाहीत. कुठे सरळ पॉप चाल आहे, कुठे नुसता गिटारींचा गुंता, कुठे किंचाळणं, कुठे जवळजवळ कुजबुज. संगीताच्या व्याकरणावरून यांना एका प्रकारात बसवणं कठीण. समान आहे ती बोलण्याची रीत. गाणारा माणूस मोठ्या समूहाला उद्देशून घोषणा देत नाही. तो एका व्यक्तीला काहीतरी सांगू पाहतो, आणि ते त्याला नीट सांगता येत नाही. 'डायरी' हा शब्द त्या अर्थाने अचूक होता. म्हणून मला वाटतं की नव्वदच्या दशकात इमो हा प्रकार म्हणून उभा राहिला तो एखाद्या बँडमुळे नव्हे, अशा संकलनांमुळे. एकमेकांना न ओळखणाऱ्या, एकमेकांसारखं न वाजवणाऱ्या मुलांना एका नावाखाली बसवलं, आणि मग ते एकमेकांचे नातेवाईक दिसायला लागले.

असं याआधीही झालं होतं. 1972मध्ये लेनी के याने एलेक्ट्रा कंपनीसाठी 'नगेट्स' हे दुहेरी संकलन केलं. साठच्या दशकातल्या विसरल्या गेलेल्या बँडची सत्तावीस गाणी. 'गराज रॉक' नावाचा एक सलग प्रकार होता, हे त्या संकलनानंतरच लोकांना दिसू लागलं. फरक इतकाच की के मागे वळून पाहत होता आणि डीप एल्म चालू काळातच हे करत होती.

कोण राहिलं, कोण गळलं

नाव दिल्याची किंमतही मोजावी लागली. शब्द एकदा सीडीवर छापला, की तो दुकानातल्या कप्प्यावरही चिकटवता येतो. 'इमो डायरीज'मध्ये फर्दर सीम्स फॉरेव्हर हा फ्लोरिडातला बँड होता. त्याचा पहिला गायक ख्रिस कराबा पुढे डॅशबोर्ड कन्फेशनल या नावाने 2002मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड'वर पोचला. त्याच सुमारास व्हेग्रंट रेकॉर्ड्सची 'अनदर इयर ऑन द स्ट्रीट्स'सारखी स्वस्त संकलनं निघत होती. ती ऐकायला चांगली आहेत, पण त्यांचं काम वेगळं. त्यांत कंपनीचे स्वतःचे बँड आहेत, आणि प्रत्येक गाणं म्हणजे त्या बँडच्या अल्बमची जाहिरात. सूचनाफलकाची जागा मालयादीने घेतली. पत्त्याच्या जागी दुकान आलं.

यात सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं झालं, हे 2003मध्ये जेसिका हॉपरने 'पंक प्लॅनेट'मधल्या 'इमो: व्हेअर द गर्ल्स आरन्ट' या निबंधात सांगितलं. तिचा मुद्दा असा की इमोच्या गाण्यांत मुली आहेत त्या फक्त दुःखाचं कारण म्हणून. त्यांना नाव नाही, आवाज नाही. मंचावर मुलगे, समोर गर्दीत मुली. निबंध आजही बोचतो, कारण 2003पुरतं ते खरंच होतं.

पण आता पुन्हा 1997च्या त्या पहिल्या भागाकडे पाहा. टॅम्पाच्या पोगोची गायिका सूझी युलरी. जेजूनमध्ये बासगिटार वाजवत गाणारी अ‍ॅराबेला हॅरिसन. म्हणजे ज्या तबकडीने इमोला नाव मिळवून दिलं, तिच्यावरच बायकांचे आवाज होते, आणि तेही पाहुणे म्हणून नव्हेत. सहा वर्षांत ते चित्रातून नाहीसे झाले ते कोणी त्यांना हाकलल्यामुळे नाही. ज्यांचे अल्बम खपले त्यांच्यावरून इतिहास लिहिला गेला, आणि खपले ते मुलग्यांचे. पोगो तर 1997मध्येच थांबला होता. बँड विस्कटला तरी संकलनातलं गाणं जागेवर राहतं, आणि पुरावा म्हणून मला त्याची किंमत वाटते ती इथे. हॉपरचा आरोप नाकारण्यासाठी तो वापरता येणार नाही. उलट, गमावलं ते काय होतं, हे त्यावरून नेमकं कळतं. वीस वर्षांनी, 2018मध्ये, पोगोचा नवा अल्बम आला. तो आला तेव्हा त्यांना शोधत आलेल्या काहींनी तरी त्यांना आधी त्या एका संकलनावरच ऐकलं असणार.

आता संकलनांचा दुसरा हंगाम चालू आहे. शिकागोची न्यूमेरो ग्रुप ही 2003मध्ये सुरू झालेली कंपनी आधी विस्मरणातल्या सोल संगीताच्या तबकड्या शोधून काढायची. गेल्या काही वर्षांत ती नव्वदच्या दशकातल्या इमोकडे वळली आहे. तिच्या संस्थापकांपैकी केन शिप्ली स्वतः त्या काळात ट्री रेकॉर्ड्स चालवत होता आणि 'पोस्ट मार्क्ड स्टॅम्प्स' ही सात इंची तबकड्यांची मालिका त्याचीच. कॅलिफोर्नियातल्या इंडियन समरचं विखुरलेलं काम न्यूमेरोने एकत्र केलं. या बँडने आपल्या गाण्यांना नावंच दिली नव्हती, ती ऐकणाऱ्यांनी पुढे सोयीसाठी दिली. 2023मध्ये त्यांनी आर्कान्सातल्या लिटल रॉक गावच्या एव्हरीवन आस्क्ड अबाउट यू या बँडची सगळी गाणी एका संग्रहात आणली. त्या बँडला आज जेवढे ऐकणारे आहेत, तेवढे तो चालू असताना कधीच नव्हते.

याचा आनंद आहेच. पण न्यूमेरोचे संग्रह एकेका बँडचे आहेत, जाड कागदावर, सुंदर छपाईत, निवडून घेतलेले. म्हणजे इतिहास पुन्हा अल्बमांच्या हिशेबाकडे वळतो आहे. ज्यांची गाणी एका संग्रहापुरती भरतील, ते यात येतील. ज्यांनी आयुष्यात एकच गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते बाराव्या क्रमांकावर, कोणाच्या तरी संकलनात, पोटॅटो चिप्सच्या पिशवीसारखं चुरचुरणाऱ्या गिटारसह टाकलं, त्यांचा संग्रह कोणी काढणार नाही. काढायला पुरेसं काही नाहीच. त्यांच्यासाठी ते जुनं संकलन हीच एकमेव जागा आहे, आणि इमोचे बहुतेक बँड याच वर्गातले होते.