प्रतिकृती इंजिनांची रबरी धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात. खऱ्या रेल्वे इंजिनाच्या चाकावरही पोलादी धाव पुष्कळदा तशीच बसविलेली असते. छंद म्हणून चालविल्या जाणाऱ्या प्रतिकृती इंजिनाची धाव मात्र रबराची असते आणि ती थंडच, ताणून चढवितात. मोटारीने फिरणाऱ्या चाकांपैकी एकदोन चाकांच्या घेरावर उथळ खाच असते. हे कडे तीत बसते.

तिची गरज वजनाच्या हिशेबातून निर्माण होते. ‘एचओ’ या सर्वाधिक प्रचलित मापात प्रतिकृती मूळ वस्तूच्या १:८७ असते व दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटल्यामुळे वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी कमी होते. १२० टनांचे इंजिन जेमतेम १८२ ग्रॅमचे उरते. निर्माते आत ओतीव धातू भरून भर घालतात, तरीही चढावर डबे ओढताना धातूची गुळगुळीत चाके जागच्या जागी फिरतात. रबर रुळाला धरून ठेवते.

या पकडीची किंमत विजेत मोजावी लागते. रुळांतून येणारी वीज चाकांमार्फतच मोटारीला मिळते आणि रबर वीजरोधक आहे. दोन रुळांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची चाके वीज घेतात. त्यांतील एखादे गमावले, तर लहान इंजिन सांध्यांवर अडखळते. जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीच्या पद्धतीत वीज रुळांमधील खुंट्यांवरून पट्टीने घेतली जाते व दोन्ही रूळ परतीचा मार्ग असतात. तेथे ही उणीव फारशी जाणवत नाही.

रबर वापरले नाही तरी म्हातारे होते. ते कडक होते, त्याला भेगा पडतात. दंतचक्रांचे तेल लागले तर फुगून खाचेबाहेर येते. झिजलेल्या कड्याचा काळा थर रुळांवर बसतो, वीज तुटक मिळू लागते आणि दोष विनाकारण मोटारीच्या माथी मारला जातो.

नवे कडे निवडताना निर्मात्याच्या नावापेक्षा माप महत्त्वाचे. व्हर्नियर कॅलिपरने खाचेच्या तळाचा व्यास, रुंदी व खोली मोजावी. कड्याचा आतला व्यास खाचेपेक्षा थोडा कमी हवा, जाडी खोलीइतकीच. जाड कडे चाक उचलून धरते. मग शेजारची चाके रुळाला टेकत नाहीत आणि इंजिन लंगडते. नळदुरुस्तीच्या दुकानातील गोल छेदाचे कडे याच कारणाने तात्पुरत्या कामापुरतेच. वाफेच्या इंजिनात जोडदांड्याचा स्क्रू सोडवून कडे सरकवावे, चाक आसावरून काढू नये. डाव्याउजव्या चाकांतील ९० अंशांचा कोन बिघडल्यास इंजिन अडकते.

सुट्या भागांची खरी अडचण कंपन्यांच्या आयुष्याशी निगडित आहे. इटलीची लिमा कंपनी बुडाल्यावर २००४ मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने तिचे नाव विकत घेतले. परंतु नाव टिकले म्हणून जुन्या इंजिनाचे दंतचक्र मिळेलच असे नाही. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहून या छंदाकडे वळणाऱ्यांना तर बहुतेक भाग परदेशांतूनच मागवावे लागतात. रबरी कडी मात्र शेकड्याने साठवू नयेत, कारण पाकिटातही ती वाळतात. दोनचार जोड, प्रकाशापासून दूर, पुरेत.

जुने इंजिन विकत घेताना ते उलटे धरून चाके हाताने फिरवून पाहावीत. रिकामी खाच चटकन दिसते; ती दिसली, तर कड्याचे माप आधी विचारावे, किंमत नंतर.