अंगणातला धडा



मुलाने काय खावे, हे शाळेत कितीही शिकवा. ताटात काय पडायचे ते घरी ठरते. म्हणून आहाराचा धडा आईवाचून पुरा होत नाही. ही गोष्ट आपल्या ठाणे भागात फार पूर्वी ध्यानात आली. ती कशी, तेच आज ऐका.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. २०१४पासून ती पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी उघडली खरी, पण गरीब वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा शाळाच वस्तीत गेली आणि अंगणात भरू लागली. मुलांची स्वच्छता, खेळ, गाणी, सारे आयांच्या डोळ्यांदेखत! हीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबाडला वारल्यांच्या मुलखात गेले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरासाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. मुलांना पूरक आहार आणि लसी द्यायच्या, तसेच आयांना आहार-आरोग्य शिकवायचे, असे ठरले.

मग सारे मिटले का? नाही. १९९२-९३ साली, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यात, कुपोषणाने बालके दगावली. आई अडाणी म्हणून मूल खंगले, असे म्हणणे सोपे असते. पण कणगीच रिकामी असेल, तर नुसता उपदेश काय कामाचा? पाऊस सरला की शहापूर-मुरबाडकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे मुलाला वेळेवर भरवणार कोण?

म्हणून शिक्षकहो, आईला आधी विचारा, मग सांगा. घरात काय पिकते, कामावर किती वाजता जाते, मूल कुणापाशी असते? नाचणी घरची असेल, तर सहा महिने पुरे झालेल्या बाळाला अंगच्या दुधाबरोबर तिची पेज सुरू करायला सांगा. वजनास वजन धरले, तर नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते. कल्याण-डोंबिवलीच्या आईची अडचण निराळी. सकाळची लोकल गाठायची, म्हणून डब्यात पुडीतला खाऊ जातो. तिला रात्रीच भिजवून ठेवलेले मूग सुचवा.

दर महिन्याला मुलाचे वजन आईसमोर करा आणि तक्त्यावरची रेघ तिला दाखवा. रेघ खाली आली, तर तिला बोल लावू नका. काय अडले, ते विचारा. अंगणात जाऊन बसायचे, ते त्यासाठीच.