जुन्या मोबाईलची जाहिरात आणि प्रत्यक्ष हातात पडलेला माल

माझगावच्या रहिवाशाला वापरलेला मोबाईल किंवा लॅपटॉप घ्यायचा असेल तर चोरबाजार आणि लॅमिंग्टन रोड हे दोन्ही बाजार तसे दूर नाहीत. तेथे ग्राहक वस्तू हातात घेतो, चार्जर लावून पाहतो, दुकानदाराशी घासाघीस करतो आणि मगच पैसे मोजतो. इंटरनेटवरील खरेदीत यांपैकी काहीच नसते. दोन-तीन छायाचित्रे आणि ‘८ जीबी रॅम, बॅटरी ९२ टक्के, एकदाही उघडलेला नाही’ अशी एखादी ओळ, एवढ्यावर व्यवहार ठरतो. घरी आलेल्या खोक्यातून ४ जीबीचा, पडदा बदललेला संच निघाला की ग्राहक हताश होतो आणि ‘जुना माल, त्यात कसली तक्रार’ अशी स्वतःचीच समजूत घालतो. ही समजूत कायद्याला धरून नाही.

मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १५ नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. माल नवा असो वा जुना, विक्रेता दुकानदार असो वा शेजारच्या इमारतीतील गृहस्थ, ही अट सर्वांना लागू आहे. आपला हा कायदा १८९३ च्या इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला असल्याने तेथील एक निवाडा येथे उद्बोधक ठरतो. ‘बील विरुद्ध टेलर’ या १९६७ च्या खटल्यात एका खासगी मालकाने आपली जुनी ट्रायम्फ हेराल्ड मोटार ‘१९६१ ची’ अशी जाहिरात करून विकली. गाडीचा मागचा अर्धा भाग खरोखर १९६१ चा होता; पुढचा अर्धा मात्र त्याआधीच्या मॉडेलचा होता आणि दोन्ही एकत्र जोडलेले होते. विक्रेत्याला स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. खरेदीदाराने गाडी आधी पाहिलीही होती. तरीसुद्धा जाहिरातीतले ‘१९६१’ हे वर्णनच होय, असे ठरवून अपील न्यायालयाने त्याला भरपाई दिली. ‘मलाच ठाऊक नव्हते’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही, ते यामुळे.

मात्र प्रत्येक शब्द म्हणजे वर्णन नव्हे. ‘झकास कंडिशन’, ‘मक्खन चालतो’ ही विक्रेत्याची स्तुती झाली; तिच्यावर दावा उभा राहणे कठीण. मॉडेल, साठवण क्षमता, खरेदीचे वर्ष, वॉरंटीची मुदत, दुरुस्ती झाली आहे की नाही, ही तपासून पाहता येणारी विधाने होत. जाहिरातीखाली ‘आहे तशी, परत घेतली जाणार नाही’ असे लिहिलेले असले तरी ते मुख्यतः वस्तूच्या झिजेला उद्देशून असते. ठाऊक असूनही खोटे विधान केले असेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ नुसार ती लबाडी ठरते आणि असल्या एका ओळीने ती धुऊन निघत नाही.

पहिले काम म्हणजे ती जाहिरात जपून ठेवणे. तक्रारीचा सूर दिसताच विक्रेता ती काढून टाकतो, हे गृहीत धरूनच चालावे. जाहिरातीचे, विक्रेत्याच्या खात्याचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट तारखेसह घ्यावेत. खोके उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे आणि त्यात आयएमईआय क्रमांक दिसू द्यावा. (*#०६# दाबल्यावर हा १५ अंकी क्रमांक पडद्यावर येतो.) इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी हेच ‘६५ ब’ म्हणून प्रसिद्ध होते. जालना मतदारसंघाच्या निवडणूक वादातून निघालेल्या ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण मालकाने स्वतःच हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत इतके काटेकोर नसतात; तरी ज्या फोनवर बोलणे झाले तो फोन आणि त्यातील संदेश प्रकरण मिटेपर्यंत पुसू नयेत.

दुसरे काम नकार कळविण्याचे, आणि येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. माल ठेवून घेऊन वाजवी मुदतीत नकार कळविला नाही, तर तो स्वीकारला असे कलम ४२ नुसार मानले जाते. मग वस्तू परत करण्याचा हक्क जाऊन केवळ भरपाईचा उरतो. म्हणून ‘चार दिवस वापरून बघू’ असे न करता त्याच दिवशी लेखी कळवावे: जाहिरातीत काय होते, प्रत्यक्षात काय आले, पैसे किती दिवसांत परत हवेत. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे संच उघडू देऊ नये, अन्यथा दोष कोणाचा यावरच वाद सुरू होतो. वस्तू स्वखर्चाने परत पाठविण्याचीही सक्ती नाही. कलम ४३ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, नकार कळविला की पुरे.

यानंतरची वाट विक्रेता कोण यावर ठरते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नियमितपणे धंदा करणाऱ्यांना लागू आहेत. स्वतःचा जुना फोन एकदाच विकणाऱ्या व्यक्तीला ते लागू नाहीत. हा फरक माझगावकरांना समजावा अशी एक खूण त्यांच्या परिसरातच आहे. पूर्वी विक्रीकर भवन म्हणून ओळखले जाणारे जीएसटी भवन येथेच उभे आहे. बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक असेल (महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो) तर समोरचा व्यापारी आहे हे निर्विवाद. क्रमांक नसला म्हणून तो व्यापारी नाही, असे मात्र होत नाही. त्याच खात्यावर एकाच वेळी दहा-बारा फोन विक्रीला असतील तर ‘घरातला फोन विकतोय’ हा दावा टिकणे अवघड. तेव्हा त्या इतर जाहिरातींचेही स्क्रीनशॉट घ्यावेत.

विक्रेता व्यापारी असेल तर ग्राहकाची बाजू भक्कम असते. जाहिरातीप्रमाणे गुण नसलेला माल परत घेण्यास वा पैसे परत करण्यास त्याला नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता देणेही त्या संकेतस्थळावर बंधनकारक आहे. या तरतुदीचा वापर जितका व्हायला हवा तितका होत नाही. दुरुस्त केलेला जुना संच नवा म्हणून विकणे ही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये थेट नमूद केलेली अनुचित व्यापारी प्रथा आहे.

एवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. समजा, विक्रेता बंगळुरूचा असला तरी २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथे तक्रार करता येते. दक्षिण व मध्य मुंबईचे आयोग परळला जनरल नागेश मार्गावरील पुरवठा भवनात आहेत. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि सात-आठ हजारांच्या फोनसाठी हा खटाटोप करायचा का, हे ज्याचे त्याने ठरवायचे. व्यापारी विक्रेते बरेचदा नोटीस हाती पडताच तडजोडीला येतात, हेही खरे. कागदपत्रांसाठी मदत हवी असल्यास १९६६ पासून मुंबईत काम करणारी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत या संस्था आहेत.

खासगी विक्रेत्याकडून घेतलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी. तेथे दिवाणी दावा हाच राजमार्ग, आणि तो लहान रकमेला परवडत नाही. मुंबईत २००० साली सुरू झालेले ‘बाझी डॉट कॉम’ २००४ मध्ये ‘ईबे’ने घेतले. ‘ईबे इंडिया’च्या ‘पैसापे’ व्यवस्थेत खरेदीदाराचे पैसे लगेच विक्रेत्याच्या हाती पडत नसत. ‘ईबे’चे ते भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळांवर माणूस माणसाला भेटून पैसे देतो. मध्ये थांबवून धरणारे कोणी नसते. यूपीआयने स्वखुशीने पाठविलेले पैसे माल वाईट निघाला म्हणून बँक परत आणून देत नाही. कार्डाने पैसे दिले असतील तर ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ या कारणासाठी बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्यासाठी विलंब करू नये.

पोलिसांकडे केव्हा जावे? वर्णनात तफावत आहे एवढ्यावर पोलीस सहसा ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतात. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८) सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू दिसावा लागतो. पैसे घेऊन खोक्यात दगड वा साबण पाठविला, विक्रेत्याची ओळखच खोटी निघाली, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठविता येतात, ते पहिल्या काही तासांतच.

चोरीच्या मालाचा धोका तर याहून मोठा. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर, किंवा केवायएम लिहून पुढे आयएमईआय क्रमांक १४४२२ वर एसएमएस केल्यास, संच काळ्या यादीत आहे का ते कळते. पैसे देण्यापूर्वी ही तपासणी करण्यास दोन मिनिटे पुरतात. घेतलेला फोन चोरीचा निघाला तर तो पुढे कोणाला विकू नये. जाणूनबुजून चोरीचा माल बाळगणे वा खपविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. संच, बिल आणि संभाषणाच्या प्रती घेऊन थेट पोलीस ठाण्यात जावे, आणि संच जमा केल्याची लेखी पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.