चर्चेतला सांगकाम्या

१८ सप्टेंबर १९७२ रोजी अमेरिकेत एक विचित्र संभाषण झाले. त्यात एक रुग्ण होता आणि एक डॉक्टर होता. रुग्ण होता पश्चिम किनाऱ्यावर, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संगणकात. डॉक्टर होता पूर्व किनाऱ्यावर, केंब्रिज गावातल्या बीबीएन या कंपनीच्या संगणकात. दोघेही प्रोग्रॅम होते. पुढे ज्यातून इंटरनेट उभे राहिले त्या आर्पानेट नावाच्या जाळ्याने हे दोन्ही संगणक जोडलेले होते. रुग्ण घोड्यांच्या शर्यतींविषयी आणि आपल्या पाठीमागे लागलेल्या गुंडांविषयी तक्रार करत होता. डॉक्टर शांतपणे प्रश्न विचारत होता. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचे काही कळत नव्हते. विंट सर्फ यांनी या संभाषणाची नोंद जानेवारी १९७३मध्ये प्रसिद्ध केली. ती आजही वाचायला मिळते.

या गोष्टीला पन्नासहून अधिक वर्षे झाली. आज इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये, म्हणजे जिथे माणसे एकमेकांना प्रश्न विचारतात, वाद घालतात, दुःख सांगतात अशा जागी, माणसांच्या बरोबरीने प्रोग्रॅमही बोलत असतात. त्यांना बॉट म्हणतात. रोबॉट या शब्दाचे हे धाकटे रूप. आपले विद्यार्थी या चर्चा वाचतात, क्वचित त्यांत भागही घेतात. म्हणून हे बोलणारे प्रोग्रॅम कुठून आले आणि ते बोलतात कसे, हे शिक्षकांना ठाऊक असायला हवे.

चुकणारे यंत्र

सुरुवात करू या ॲलन ट्युरिंगपासून. १९५०मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने एक खेळ सुचवला. परीक्षकाने पडद्याआडच्या दोघांशी फक्त टंकलिखित मजकुरातून बोलायचे आणि त्यातला माणूस कोण, यंत्र कोण, ते ओळखायचे. यंत्राला विचार करता येतो का, या निसरड्या प्रश्नाऐवजी त्याने हा तपासता येण्याजोगा प्रश्न पुढे ठेवला.

या लेखातले एक उदाहरण गणिताच्या शिक्षकांना आवडेल. ३४,९५७ आणि ७०,७६४ यांची बेरीज विचारल्यावर यंत्र सुमारे ३० सेकंद थांबते आणि १,०५,६२१ असे उत्तर देते. बेरीज करून पाहा. खरे उत्तर १,०५,७२१ आहे. माणूस वाटायचे असेल तर थांबावे लागते, प्रसंगी चुकावेही लागते, हे ट्युरिंगने हेरले होते. माणसासारखे वागणे आणि बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथेच लक्षात ठेवू या.

फुलराणीची नामबहीण

डॉक्टर हा प्रोग्रॅम मुळात एमआयटी या संस्थेतल्या जोसेफ वायझेनबाउम यांच्या कल्पनेतून आला. ते १९२३मध्ये बर्लिनमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले आणि नाझी राजवटीत, १९३६मध्ये, घरच्यांबरोबर अमेरिकेत आले. १९६६मध्ये त्यांनी आपला प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याचे नाव एलायझा. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातली फुले विकणारी मुलगी एलायझा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मधली मंजुळा ती हीच. शिकवाल तसे बोलणारी, म्हणून हे नाव. डॉक्टर ही एलायझाला शिकवलेली एक भूमिका होती.

एलायझाची रीत साधी होती. समोरच्याच्या वाक्यात ठरावीक शब्द शोधायचे, ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ घालायचे आणि त्याच वाक्याचा प्रश्न करून परत पाठवायचा. ‘मला आईची काळजी वाटते’ असे कोणी म्हटले, तर ‘तुम्हाला आईची काळजी का वाटते?’ ओळखीचा शब्दच सापडला नाही, तर ‘पुढे सांगा’. मानसोपचाराची एक पद्धत अशी आहे की तिच्यात उपचारकही रुग्णाचेच बोलणे त्याच्यासमोर ठेवतो. त्यामुळे हे सोंग चांगले वठले.

ते इतके वठले की वायझेनबाउम अस्वस्थ झाले. त्यांची सचिव हा प्रोग्रॅम कित्येक महिने घडताना पाहत होती. तरीही त्याच्याशी थोडे बोलणे झाल्यावर तिने त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, कारण तिला खासगी बोलायचे होते. केनेथ कोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाने तर असे प्रोग्रॅम उपचारासाठी वापरता येतील असे लिहिले. हाच कोल्बी पुढे पॅरीचा, म्हणजे त्या संशयग्रस्त रुग्णाचा, कर्ता. पॅरीची आणि खऱ्या रुग्णांची संभाषणे ३३ मानसोपचारतज्ज्ञांना वाचायला दिली, तेव्हा त्यांची ओळख ४८ टक्के वेळाच बरोबर ठरली. नाणे उडवून ठरवले असते तरी एवढेच यश आले असते. १९७६मध्ये वायझेनबाउम यांनी एक पुस्तक लिहिले. संगणकाला काय करता येईल हा एक प्रश्न आणि त्याच्याकडून काय करवून घ्यावे हा दुसरा, असे त्यात त्यांनी ठामपणे मांडले.

मार्कोवची साखळी

एलायझाची वाक्ये माणसाने आधी लिहून ठेवलेली होती. यंत्राने स्वतः वाक्य जुळवायचे तर दुसरी युक्ती लागते. तिचा उगम संगणकाच्याही आधीचा आहे. १९१३मध्ये आंद्रेई मार्कोव या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातली पहिली २०,००० अक्षरे मोजली. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याची शक्यता त्याला सुमारे १३ टक्के आढळली, तर व्यंजनानंतर स्वर येण्याची ६६ टक्के. म्हणजे पुढचे अक्षर मागच्यावर अवलंबून असते आणि हे अवलंबणे आकड्यांत सांगता येते. १९४८मध्ये क्लॉड शॅननने हीच कल्पना शब्दांना लावून यंत्रवत इंग्रजी वाक्ये तयार करून दाखवली.

हा प्रयोग वर्गात संगणकाशिवाय करता येतो. फळ्यावर तीन वाक्ये लिहा :

पाऊस आला की मुले घरात पळतात.
पाऊस थांबला की मुले बाहेर येतात.
घंटा झाली की मुले वर्गात बसतात.

आता शेजारच्या दोन-दोन शब्दांची एकेक चिठ्ठी करा आणि त्या जोडीनंतर कोणता शब्द आला ते तिच्या मागे लिहा. ‘की मुले’ या जोडीमागे तीन शब्द येतील : घरात, बाहेर, वर्गात. इतर जोड्यांमागे फार तर एकच शब्द असेल. कोणत्याही वाक्याच्या पहिल्या जोडीपासून सुरुवात करा आणि जिथे पर्याय असतील तिथे डोळे मिटून एक उचला. नऊ वाक्ये तयार होऊ शकतात, त्यांतली सहा नवी. ‘घंटा झाली की मुले बाहेर येतात’ हे वाक्य फळ्यावर नव्हते, तरी खरे आहे. ‘पाऊस थांबला की मुले घरात पळतात’ हेही व्याकरणाने निर्दोष आहे, पण तसे घडत नाही. चिठ्ठ्यांना यातला फरक कळत नाही. तो मुलांना कळतो, कारण ती पावसात भिजलेली असतात.

चर्चेत शिरलेला पहिला तोतया

युजनेट या चर्चागटांच्या जाळ्याची कल्पना १९७९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी काढली. एका विद्यापीठाचा संगणक दुसऱ्याला फोनवरून संदेश देई, तो तिसऱ्याला, आणि असे करत चर्चा देशभर पोचे. त्यातला एक गट अविवाहितांचा होता. तिथे १९८४च्या सुमारास मार्क व्ही. शेनी नावाचा एक नवा सदस्य लिहू लागला. त्याचे लिहिणे तुटक, पण अधूनमधून नेमके विषयावर येणारे असे. त्याच्या बोलण्यावर लोक चिडत, उत्तरेही देत.

शेनी नावाचा कोणी नव्हता. ‘मार्कोव चेन’ हे शब्द भरभर म्हणून पाहा, म्हणजे नावाचा उलगडा होईल. बेल प्रयोगशाळेतल्या रॉब पाइक, ब्रूस एलिस आणि डॉन मिचेल यांची ही करामत. त्यांचा प्रोग्रॅम त्या गटात आलेले संदेशच वाचे, आपण आत्ता केल्या तशा जोड्या बनवी आणि त्यातून नवे संदेश जुळवी. तो त्या गटासारखा बोले, कारण त्याचे शब्द त्या गटाचेच होते. १९८९मध्ये ए. के. ड्यूडनी यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याच्यावर लिहिले. तेव्हा ही थट्टाच होती. पण तिथे लिहिणाऱ्या माणसांनी आपले मन एखाद्या माणसासमोर मोकळे केले होते, हेही खरे.

नाव सांगून काम करणारे

सगळेच बॉट तोतये नसतात. १९८९मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात टायनीमड नावाचे शब्दांचे एक आभासी जग सुरू झाले. त्यात वावरणारी ज्युलिया ही मायकेल मॉल्डिन यांची निर्मिती. ती वाट दाखवी, कोण कधी येऊन गेले ते सांगे, निरोप पोचवी. ती यंत्र आहे हे न कळल्याने काहींची फसगत झाली. ज्यांना कळले तेही मात्र तिची मदत घेत राहिले.

विकिपीडियाने याविषयी स्पष्ट नियम केले. बॉटचे खाते वेगळे असावे, ते बॉट आहे हे नावावरून किंवा खुणेवरून कळावे, कामाला आधी संमती घ्यावी आणि चालवणारा माणूस कोण हे ठाऊक असावे. मराठी विकिपीडियावर बॉटला ‘सांगकाम्या’ म्हणतात. हा जुना घरगुती शब्द फार नेमका आहे. सांगकाम्याला काम कोणी सांगितले, हे विचारता येते.

आजचा पेच

आजचे मोठे भाषिक प्रोग्रॅमही पुढचा शब्दच ठरवतात. पण ते दोन शब्दांवर थांबत नाहीत, हजारो शब्दांचा संदर्भ घेतात. त्यांच्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा नसतो. अफाट मजकुरावरून शिकलेली अब्जावधी आकड्यांची मांडणी असते. त्यामुळे शेनीचा तुटकपणा गेला. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये रेडिट या चर्चास्थळावर जीपीटी-३ हा प्रोग्रॅम वापरणारे एक खाते सुमारे आठवडाभर लिहीत होते. तो बॉट आहे हे एकाने ओळखले ते मुख्यतः वेगामुळे : लांबलचक उत्तरे, तीही मिनिटाला एक. त्यांत आत्महत्येच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला दिलेले उत्तरही होते. डिसेंबर २०२२मध्ये, चॅटजीपीटी आल्यावर आठवड्याच्या आतच, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या प्रश्नोत्तर-मंचाने त्याच्याकडून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली. उत्तरे बरोबर दिसत, पण अनेकदा चुकीची असत आणि तपासणारी माणसे थोडी होती.

एप्रिल २०२५मध्ये आणखी एक प्रकरण उघड झाले. रेडिटवरच ‘माझे मत बदलून दाखवा’ अशा अर्थाच्या नावाचा एक गट आहे. झुरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथे कोणालाही न सांगता काही महिने बॉट सोडले होते. यंत्राचे म्हणणे माणसाला कितपत पटते, हे त्यांना पाहायचे होते. त्या बॉटांनी हजाराहून अधिक प्रतिक्रिया लिहिल्या. एक स्वतःला बलात्कारातून वाचलेली व्यक्ती म्हणवत होता, एक समुपदेशक. सदस्य संतापले आणि संशोधकांनी निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे ठरवले.

लोक नेमके कशावर संतापले, याचा वर्गात विचार करण्याजोगा आहे. युक्तिवाद कोणी केला याने त्याच्या खरेपणात फरक पडत नाही. पायथागोरसचा सिद्धांत यंत्राने सिद्ध केला तरी आपण तो पायरीपायरीने तपासू शकतो. पण ‘मी यातून गेले आहे’ हे वाक्य युक्तिवाद नाही, ती साक्ष आहे. साक्षीचे मोल सारे साक्षीदारावर असते. बोलणारा कधी कशातून गेलेलाच नसेल तर शब्द कितीही सुबक असले तरी ती खोटी साक्ष ठरते. अशा खोट्या साक्षी वाढल्या की खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो आणि नुकसान सोसतो तो खरोखर सोसलेला माणूस.

तेव्हा मुलांना दोन प्रश्न विचारण्याची सवय लावू या. हे वाचताना मी काय तपासू शकतो? आणि जे तपासू शकत नाही, ते कोणाच्या भरवशावर मानतो आहे? वर केलेला चिठ्ठ्यांचा प्रयोग एका तासिकेत होतो. त्यानंतर हे प्रश्न मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.