पेशी आणि तिची जागा : मूलपेशींच्या जनुकीय शोधाचा इतिहास

प्राण्याच्या शरीरात रक्त, आतड्याचे अस्तर, त्वचा आणि जननपेशी यांची झीज अखंड चालू असते. ही झीज ज्या मोजक्या पेशी दीर्घकाळ भरून काढत राहतात, त्यांना मूलपेशी म्हणतात. मूलपेशीची व्याख्या दोन गुणांवर उभी आहे : विभाजनानंतर स्वतःसारखी पेशी मागे ठेवण्याची क्षमता, म्हणजे आत्मनूतनीकरण, आणि विशिष्ट कामासाठी घडत जाणाऱ्या पेशींना जन्म देण्याची क्षमता, म्हणजे विभेदनाची सुरुवात करून देणे. हे दोन्ही गुण पेशीच्या पुढील वाटचालीत प्रकट होत असल्यामुळे केवळ सूक्ष्मदर्शकातून पाहून एखादी पेशी मूलपेशी आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. तिच्या संततीवरूनच ते ठरवावे लागते. वंश शोधणे हे मुळातच आनुवंशशास्त्राचे काम असल्याने मूलपेशींच्या अभ्यासाला खरी शिस्त लागली ती या शास्त्राच्या साधनांनी, आणि त्या साधनांनीच पुढे असेही दाखवून दिले की मूलपेशीपण हा एकट्या पेशीचा गुण नसून पेशी आणि तिची जागा यांच्यातील संबंधाचा परिणाम आहे.

या इतिहासाचा आरंभ किरणोत्साराच्या अभ्यासात झाला. १९४५ मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबॉम्ब टाकल्यानंतर किरणोत्साराने रक्तनिर्मिती कशी कोलमडते, याचा शोध अनेक प्रयोगशाळांनी घेतला, आणि १९५० च्या सुमारास असे आढळले की मारक मात्रेत किरणोत्सार दिलेल्या उंदरांना निरोगी उंदराची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणारे मऊ ऊतक, टोचली तर ते वाचतात. ही मज्जा एखादे संजीवक रसायन पुरवते की तिच्यातील पेशी स्वतःच नव्या शरीरात वस्ती करतात, हा प्रश्न गुणसूत्रांनी सोडवला. इंग्लंडमधील हार्वेल येथे चार्ल्स फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये सूक्ष्मदर्शकातून वेगळे ओळखू येणारे गुणसूत्र असलेल्या उंदरांची मज्जा वापरली, आणि वाचलेल्या उंदरांच्या मज्जेत विभाजित होणाऱ्या पेशींमध्ये दात्याचे तेच गुणसूत्र सापडले. पेशीवर वंशाची न पुसली जाणारी खूण असावी आणि तिच्या संततीत ती शोधावी, ही पद्धत येथे प्रथमच रक्तनिर्मितीच्या प्रश्नाला लागू झाली.

कॅनडातील टोरांटो येथे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स टिल आणि वैद्यक अर्नेस्ट मॅककुलक यांनी १९६१ मध्ये या पद्धतीला संख्येची जोड दिली. किरणोत्सार दिलेल्या उंदरांना मज्जा टोचल्यावर सुमारे दहा दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर लहान गाठी दिसत, आणि त्या गाठींची संख्या टोचलेल्या पेशींच्या संख्येच्या प्रमाणात वाढे. मज्जेतील साधारण १०,००० पेशींमागे एक गाठ असे ते प्रमाण होते. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली असावी असे या हिशेबावरून वाटत असले, तरी तो पुरावा नव्हता. १९६३ मध्ये अँड्र्यू बेकर यांनी मॅककुलक आणि टिल यांच्यासह टोचलेल्या पेशींवर पुन्हा किरणोत्सार करून काही पेशींच्या गुणसूत्रांत प्रत्येकीचे वेगळे असे बिघाड घडवले. ज्या गाठींत असा बिघाड सापडला, त्यांतील जवळजवळ सर्व विभाजित पेशींत तो एकच होता. याचा अर्थ निरनिराळ्या प्रकारच्या रक्तपेशी असलेली ती अख्खी गाठ एका पेशीची संतती होती. त्याच वर्षी लू सिमिनोविच यांच्या सहभागाने झालेल्या प्रयोगांत एका गाठीतील पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्यावर नव्या गाठी उगवल्या, आणि अशा रीतीने आत्मनूतनीकरण व विभेदन हे दोन्ही गुण प्रयोगात मोजले गेले.

याच गटाचे पुढचे काम या विषयाच्या इतिहासात सर्वांत अर्थपूर्ण मानावे लागते, कारण त्यात ‘दोष कोठे आहे’ हा प्रश्न प्रथमच नेमकेपणाने विचारला गेला. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत एलिझाबेथ रसेल आणि इतर आनुवंशशास्त्रज्ञ ‘डब्ल्यू’ आणि ‘स्टील’ नावाच्या दोन जनुकांत उत्परिवर्तन, म्हणजे आनुवंशिक बदल, झालेल्या उंदरांचा अभ्यास करीत होते. ही दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असूनही त्यांतील बिघाडांची लक्षणे जवळजवळ सारखीच होती : रक्तक्षय, केसांच्या रंगाचा अभाव आणि वंध्यत्व. १९६४ आणि १९६५ मध्ये टोरांटोच्या गटाने या उंदरांची मज्जा आलटूनपालटून टोचून पाहिली. डब्ल्यू उंदराची मज्जा निरोगी उंदरात गाठी निर्माण करू शकली नाही, पण निरोगी मज्जा डब्ल्यू उंदरात नीट रुजली. याउलट स्टील उंदराची मज्जा निरोगी शरीरात उत्तम वाढली, पण निरोगी मज्जेला स्टील उंदराच्या शरीरात वाढता आले नाही. पहिल्या उंदरांत बियाणे सदोष होते आणि दुसऱ्यांत जमीन, असा हा स्पष्ट निवाडा होता. तब्बल दोन दशकांनंतर, १९८८ मध्ये, डब्ल्यू जनुक हे पेशीच्या पृष्ठभागावर राहून बाहेरचा संदेश घेणारे किट नावाचे ग्राही प्रथिन तयार करते असे कळले, आणि १९९० मध्ये स्टील जनुक त्याच ग्राहीला जाऊन भिडणारे संदेशवाहक प्रथिन तयार करते हे उघड झाले. १९६५ चा तर्क रेणूंच्या पातळीवर शब्दशः खरा ठरला.

जमिनीच्या या महत्त्वाला सिद्धांताचे रूप मँचेस्टर येथील रे स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये दिले. प्लीहेवर गाठी निर्माण करणाऱ्या सर्वच पेशी दीर्घकाळ रक्तनिर्मिती करू शकत नाहीत, ही त्या काळापर्यंत लक्षात आलेली विसंगती समजावताना त्यांनी असे सुचवले की खरी मूलपेशी शरीरातील एका ठरावीक जागी, शेजारच्या पेशींच्या सहवासात स्थिर असते. ती जागा तिला परिपक्व होण्यापासून रोखते, जागा मर्यादित असल्याने मूलपेशींची संख्याही मर्यादित राहते, आणि तिच्या संततीपैकी जिला अशी जागा मिळत नाही ती विभेदनाच्या मार्गाला लागते. जिच्यात मूलपेशी टिकून राहते अशा या परिसराला या लेखात कोनाडा म्हटले आहे. स्कोफिल्ड यांची कल्पना निश्चित आणि तपासता येण्याजोगी होती, परंतु अस्थिमज्जेतील असंख्य पेशींच्या गर्दीत एक मूलपेशी आणि तिचा शेजार दाखवून देणारे साधन त्या वेळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे तिची परीक्षा लहान आणि पारदर्शक रचनेच्या प्राण्यांत झाली.

सूत्रकृमी हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी त्यांपैकी पहिला. केंब्रिज येथे ज्युडिथ किम्बल आणि जॉन व्हाइट यांनी १९८१ मध्ये त्याच्या जननग्रंथीच्या टोकाशी असलेली एकच पेशी लेसर किरणाने नष्ट केली, तेव्हा एरवी विभाजित होत राहणाऱ्या जननपेशींनी ते विभाजन सोडून अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे शुक्राणू किंवा अंडपेशी घडवणाऱ्या विभाजनात, प्रवेश केला. १९८७ मध्ये किम्बल यांच्या गटाने असे उत्परिवर्तन शोधले की ज्यामुळे टोकाची पेशी शाबूत असतानाही हाच परिणाम दिसे. ‘ग्लप-१’ हे ते जनुक जननपेशीतील ग्राही प्रथिनाचे निघाले, आणि त्याला जाऊन मिळणारा संदेश टोकाची पेशी देते हे नंतर सिद्ध झाले. एका पेशीचा कोनाडा आणि त्याची रेणवीय भाषा अशी दोन्ही टोके येथे जुळली.

कोनाड्याच्या सिद्धांताची सर्वांत पूर्ण परीक्षा मात्र फळमाशीच्या अंडाशयात झाली. या अंडाशयातील प्रत्येक अंडनलिकेच्या टोकाला दोन-तीन जनन-मूलपेशी असतात आणि त्या टोपीसारख्या बसलेल्या आधारपेशींना चिकटलेल्या असतात. मूलपेशी विभागली की आधाराला चिकटलेली कन्यापेशी मूलपेशी राहते, तर दूर गेलेली कन्यापेशी चार वेळा विभागून सोळा पेशींचा समूह बनवते आणि त्या सोळांपैकी एक अंडपेशी होते. या मूलपेशी वंशखुणांच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत जुन्या शोधावर आधारलेली होती. कर्ट स्टर्न यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की फळमाशीच्या शरीरातील पेशी विभागताना जोडीतील गुणसूत्रांचे भाग कधीकधी अदलाबदल करतात आणि त्यामुळे दोन कन्यापेशी जनुकीयदृष्ट्या वेगळ्या होतात. ही दुर्मीळ घटना क्ष-किरणांनी वाढवता येई. पुढे १९८९ मध्ये केंट गॉलिक आणि सुझन लिंडक्विस्ट यांनी यीस्टमधील ‘फ्लिप’ हे विकर आणि त्याला ओळखू येणारे डीएनएचे तुकडे माशीत बसवले, ज्यामुळे माश्यांना थोडा वेळ उष्णता देऊन ती अदलाबदल हव्या त्या वेळी घडवता येऊ लागली. अशा पेशीची सर्व संतती, म्हणजे तिचा कृंतक, खुणेमुळे वेगळा दिसतो. परिपक्व होत असलेल्या पेशीचा कृंतक काही दिवसांत अंड्यांबरोबर बाहेर पडून संपतो, तर मूलपेशीचा कृंतक अंडनलिकेत टिकून राहतो; या एका फरकावर मूलपेशीची ओळख पक्की होते.

या पद्धतीचे दुसरे सामर्थ्य असे की खूण केलेल्या पेशीतूनच एखादे जनुक काढून टाकता येते आणि तिच्या शेजारच्या पेशी मात्र निरोगी राहतात. बाल्टिमोर येथील कार्नेगी संस्थेत टिंग शिए आणि ॲलन स्प्रॅडलिंग यांनी १९९८ मध्ये याच मार्गाने दाखवले की ‘डीपीपी’ हे संदेशवाहक प्रथिन स्वीकारणारे ग्राही एखाद्या मूलपेशीत नसेल तर ती आपली जागा सोडते आणि लवकर नाहीशी होते. उलट हे प्रथिन गरजेपेक्षा जास्त तयार केले तर अंडाशय मूलपेशींसारख्या पेशींनी भरून जाते. त्याच दोघांनी २००० मध्ये दाखवले की एक मूलपेशी नाहीशी झाल्यावर शेजारची मूलपेशी आडव्या दिशेने विभागते आणि तिची कन्यापेशी रिकाम्या जागेत बसून मूलपेशी होते. डीपीपीचा संदेश मूलपेशीत ‘बॅम’ हे विभेदन सुरू करणारे जनुक बंद ठेवतो, ही साखळीची पुढची कडी २००३ आणि २००४ मधील संशोधनाने जोडली, आणि २००४ मध्येच टोशी काई व स्प्रॅडलिंग यांनी विभेदनाला लागलेल्या जननपेशीही योग्य परिस्थितीत पुन्हा मूलपेशी होऊ शकतात हे सिद्ध केले. स्कोफिल्ड यांनी कोनाड्यास दिलेले बहुतेक गुणधर्म अशा रीतीने त्यांनी कधी न अभ्यासलेल्या प्राण्यात प्रत्यक्षात सापडले. फळमाशीच्या वृषणातही आधारपेशींचा संदेश मूलपेशी टिकवतो, हे दोन स्वतंत्र गटांनी २००१ मध्ये दाखवले होते.

माशीतील ही विचारपद्धत सस्तन प्राण्यांत आणण्यासाठी जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचे ‘क्री’ हे विकर उपयोगी पडले. ते टॅमॉक्सिफेन या औषधाने चालू होईल असे बदलून ठरावीक जनुक कार्यरत असलेल्या पेशींतच तयार करवले, तर औषध दिल्याच्या क्षणी त्या पेशींवर कायमची खूण उमटते. उंदराच्या लहान आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी बदलते, आणि त्यातील खोलगट भागांच्या तळाशी असलेल्या सडपातळ पेशी मूलपेशी असाव्यात, असा अंदाज चार्ल्स लेब्लाँ आणि हेझेल चेंग यांनी १९७४ मध्येच मांडला होता. निक बार्कर आणि हान्स क्लेव्हर्स यांच्या उट्रेक्ट येथील गटाने २००७ मध्ये ‘एलजीआर-५’ हे जनुक याच पेशींत कार्यरत असल्याचे ओळखून त्यांवर खूण केली, तेव्हा साठ दिवसांनंतरही तळापासून वरपर्यंत खूण असलेल्या पेशींच्या सलग पट्ट्या दिसल्या. २०१० मध्ये अनेक रंगांच्या खुणा वापरल्यावर असे आढळले की सुरुवातीला बहुरंगी असलेले खोलगट भाग काही महिन्यांत एकरंगी होतात. याचा अर्थ प्रत्येक मूलपेशी अमर नसते. मर्यादित जागेसाठी समान मूलपेशींत स्पर्धा असते आणि कोणाचा वंश टिकेल हे बहुतांशी योगायोगाने ठरते.

अस्थिमज्जेचा मूळ प्रश्न सर्वांत शेवटी सुटू लागला. २००३ मध्ये दोन गटांनी हाड घडवणाऱ्या पेशींना रक्त-मूलपेशींच्या कोनाड्याचे स्थान दिले, परंतु हा निष्कर्ष पुढे वादग्रस्त ठरला. २०१२ मध्ये लेई डिंग आणि शॉन मॉरिसन यांच्या गटाने स्टील जनुक एकेका प्रकारच्या शेजारपेशीतून वेगवेगळे काढून पाहिले : हाड घडवणाऱ्या पेशींतून ते काढल्याने मूलपेशींवर परिणाम झाला नाही, पण रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराच्या किंवा त्यांच्याभोवतीच्या पेशींतून काढल्यावर मूलपेशी घटल्या. १९६५ मध्ये संपूर्ण उंदराबद्दल विचारलेला प्रश्न येथे नेमक्या पेशीपर्यंत पोहोचला.

या पन्नास वर्षांच्या कामातून दोन कसोट्या हाती आल्या. पेशी मूलपेशी आहे असे म्हणायचे असेल तर तिची दीर्घकाळ टिकणारी आणि विविध प्रकारची संतती वंशखुणेने दाखवावी लागते. एखादी जागा कोनाडा आहे असे म्हणायचे असेल तर तेथील पेशींतून ठरावीक जनुक काढल्यावर शेजारची मूलपेशी हरवते हे दाखवावे लागते. या कसोट्यांचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठी केले जाणारे रक्त-मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे इतर उपचार प्रायोगिक समजले जातात आणि ते मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतात. जो उपचार मान्य आहे, त्याच्यामागे १९५६ पासूनचा गुणसूत्रांचा पुरावा उभा आहे. म्हणून मूलपेशींच्या नावाने कोणताही उपचार सुचवला गेला, तर टोचलेल्या पेशी शरीरात कोठे रुजतात, त्यांची संतती कोणी आणि कशी शोधली, हे प्रश्न रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबाने विचारलेच पाहिजेत.