गाणे कोणत्या काट्यावर तोलावे?

गावच्या काट्यावर भरलेला कापूस बाजारच्या काट्यावर कमी उतरतो, हा अनुभव अल्लीपूर-हिंगणघाटकडील शेतकऱ्यास कोणी व्याख्यान देऊन सांगावा लागत नाही. गाण्याचेही तसेच होते, हे मात्र आम्हांस फार उशिरा, आणि तेही फजिती होऊन कळले. आम्ही संगीतातले जाणकार नव्हे. सभा भरविणे, वर्गणी गोळा करणे आणि जिनिंगमधल्या मजुरांच्या रोजासाठी मालकांशी भांडणे यांत आमची उमर गेली. परंतु ज्या गोष्टीने आपली फजिती केली तिचा इतिहास खणून काढण्याची खोड आम्हांस आहे, आणि तोच आज श्रोत्यांपुढे ठेवावयाचा आहे.

गोष्ट १९९६ सालची. मजुरीच्या मागणीवर आमच्या शाहिराने एक गाणे रचले. मागणीचा आकडा त्यातच गुंफला होता, कारण पत्रक वाचता न येणाऱ्या माणसांना तो पाठ व्हावा. ओळखीच्या एका गृहस्थाकडे घरीच ध्वनिमुद्रणाची सोय होती. मुख्य आवाज, कोरस, ढोलकी आणि की-बोर्ड हे निरनिराळे मुद्रित करून मग त्यांचे कमीजास्त प्रमाण बसवावयाचे, याला मिक्सिंग म्हणतात. ते त्याने आपल्या बैठकीच्या खोलीतील स्टिरिओवर केले. त्या खोलीत गाणे असे काही वाजले की आम्ही सारे खूष झालो. ढोलकी छातीत घुमत होती आणि शब्द न् शब्द काचेसारखा स्वच्छ होता. बाजाराच्या दिवशी अल्लीपुरात तीच कॅसेट सभेच्या भोंग्यावर लावली. ढोलकी गेली, शब्द गेले, उरला तो की-बोर्डचा भणभणाट. आमच्यातल्याच एका मजूर बाईने विचारले, "हे कायचं गानं हाये, भाऊ?" जिच्यासाठी आकडा, तिच्यापर्यंतच तो पोहोचला नव्हता.

असे का झाले? घरगुती स्टिरिओ विकला जातो तो ऐकणाऱ्यास सुख देण्यासाठी. म्हणून पुष्कळशा पेट्यांत खर्ज थोडा फुगविलेला आणि वरचे स्वर थोडे चमकविलेले असतात. त्यातही एक 'लाउडनेस'ची कळ असते. आवाज लहान केला की माणसाच्या कानाला खर्ज अधिकच कमी ऐकू येतो, हे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले. ही तूट भरून काढण्यासाठी ती कळ. ऐकणाऱ्याला ती सोयीची, तोलणाऱ्याला घातक. स्टुडिओतला मॉनिटर स्पीकर उलट स्वभावाचा असावा लागतो. त्याने पदरचे काही घालू नये, गाळू नये, आणि चूक असेल ती लपवू नये. आमच्या गृहस्थाला स्टिरिओने दोन रीतींनी फसविले. शब्दातला 'स', 'च', 'त' स्पष्ट करणारे वरचे स्वर पेटी स्वत:च उजळ करून देत होती, त्यामुळे गायकाचा आवाज आणखी पुढे आणावा असे त्याला वाटलेच नाही. दुसरे, स्टिरिओत की-बोर्ड डाव्या-उजव्या बाजूंना पसरला होता आणि आवाज मधोमध होता, म्हणून दोन्ही वेगळे ऐकू येत. भोंग्याला ना खर्ज, ना फार वरचे स्वर. मधला तेवढा पट्टा, आणि तोही एकाच वाटेने. त्या अरुंद वाटेत की-बोर्ड गाण्याच्या उरावर बसला.

पूर्वीच्या काळी या बाबतीत एक सोय होती. घराघरांतला रेडिओ एकाच स्पीकरचा असे. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८ साली सुरू झाले. पुणे केंद्राने १ एप्रिल १९५५ पासून 'गीतरामायण' प्रक्षेपित केले. गदिमांची छप्पन गीते, बाबूजी सुधीर फडक्यांचे संगीत. त्या गाण्यांत वाद्ये बेताची आणि शब्द सर्वांच्या पुढे आहेत. मध्यमलहरींवरून रेडिओच्या लाकडी पेटीत जे थोडे उतरे, त्यातही ते शब्द शाबूत राहत. हे सारे रेडिओकडे पाहून केले होते असा दावा आम्ही करीत नाही. शब्दांचा मान राखणे हा बाबूजींचा स्वभावच होता.

चित्रपटाने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. 'आलम आरा' १९३१ साली बोलू लागला. पुढे १९३८ साली अमेरिकेतील चित्रपट अकादमीने चित्रगृहातील ध्वनियंत्रणेसाठी एक ठराविक मोजमाप घालून दिले. मिक्सिंगचे दालनच लहान चित्रगृहासारखे बांधावयाचे, पडद्यामागे स्पीकर ठेवावयाचे आणि प्रेक्षक बसतो तेथे बसून प्रमाण ठरवावयाचे. म्हणजे कारागिराचा काटा आणि गिऱ्हाइकाचा काटा शक्य तितका एकच. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर उभारले. तेथील मंगेश देसाई हे या कामातले नावाजलेले कारागीर. 'शोले'सारख्या (१९७५) चित्रपटाच्या ध्वनीवर त्यांचा हात फिरला आहे. त्या चित्रपटातले संवाद आमच्या भागात पोरेसोरेही घडाघडा म्हणत, पण ते संवाद झोपाळ्याच्या कर्कश किरकिरीतून आणि घोड्यांच्या टापांतून ज्याने आमच्या कानापर्यंत नेमके आणले, त्याचे नाव कोणाला ठाऊक? राजकमलच्या अवतीभवती गिरण्या होत्या. तेथल्या कामगाराचे नाव तरी कापडाच्या ठाणावर कोठे असे!

घरी ऐकावयाच्या संगीताला मात्र असा करार कधीच लाभला नाही, कारण घरे सारखी नसतात. स्टुडिओतल्या भिंतीत बसविलेल्या प्रचंड मॉनिटरांवर गाणे उत्तम वाजे आणि मोटारीतल्या रेडिओवर पडे. म्हणून अमेरिकेत ऑराटोन नावाची एकाच स्पीकरची लहानशी पेटी मुद्दाम जवळ ठेवू लागले. तिचा आवाज सामान्य, हाच तिचा गुण. पण खरी गंमत जपानच्या यामाहा कंपनीच्या 'एन-एस टेन' पेटीची. ती १९७८ साली घरगुती वापरासाठीच निघाली होती. पांढऱ्या कागदी शंकूची ही पेटी घरच्या गिऱ्हाइकांना फारशी रुचली नाही, कारण खर्ज थोडा आणि मधले स्वर बोचरे. स्टुडिओवाल्यांनी तीच उचलून मिक्सिंगच्या टेबलावर मांडली. माणसाचा आवाज ज्या मधल्या पट्ट्यात असतो त्यातला दोष ती ताबडतोब उघडा करी. वरचे स्वर फारच टोचतात म्हणून काही जण त्या बारक्या स्पीकरसमोर पातळ टिश्यू कागद चिकटवीत! पुढे कंपनीने स्टुडिओसाठी म्हणून तिची सुधारलेली आवृत्ती काढली, आणि शंकूसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाल्यामुळे २००१ साली तिचे उत्पादन थांबले. दिवाणखान्यात नापास झालेली पेटी कारखान्यात मुकादम झाली. आता गाणे मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकतात, तेव्हा जाणते कारागीर मॉनिटरवर काम झाले की शेवटी मोबाइलवरही एकदा ऐकून पाहतात.

हा सगळा इतिहास आम्ही मागाहून वाचला. त्या वेळी आम्हांस सुचले ते एवढेच की भोंगाच सायकलच्या कॅरिअरला बांधून त्या गृहस्थाच्या घरी न्यावा. खोलीत त्याने कान फुटू लागले, म्हणून अंगणात टांगला. एक ओळ वाजवावयाची, अंगणात जाऊन ऐकावयाची, परत येऊन की-बोर्ड आणखी खाली करावयाचा, असे दुपारभर चालले. शेवटी की-बोर्ड जवळजवळ काढूनच टाकला, कोरस मागे सारला आणि ढोलकीची उंच स्वराची बाजू तेवढी वर आणली. बैठकीच्या स्टिरिओवर ती कॅसेट इतकी रूक्ष वाजली की शाहीर रुसला.

पुढल्या बाजारी ती भोंग्यावर लागली. त्याच बाईने गाणे शेवटपर्यंत ऐकले, आकडा म्हणून दाखविला आणि सांगितले की तिसऱ्या कडव्यातला हिशेब चुकला आहे. शाहिराने यमकासाठी आठवड्यातला एक रोज कमी धरला होता. तिसऱ्यांदा ध्वनिमुद्रण करावे लागले.