कृष्णवर्णीय न्हाव्याच्या दुकानाचा मागोवा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय वस्तीत न्हाव्याच्या दुकानाला चावडीचा मान आहे. पण त्याचा माग काढत आपण १८३० साली मिसिसिपीकाठच्या नॅचेझ गावी गेलो, तर खुर्चीत गोरा मळेवाला बसलेला दिसतो. त्याची दाढी करणारा विल्यम जॉन्सन अकराव्या वर्षी गुलामीतून सुटलेला. कमाईतून त्याने जमीन घेतली, स्वतः गुलामही बाळगले आणि १८३५पासून रोजनिशी लिहिली. १८५१मध्ये जमिनीच्या हद्दीवरून त्याचा खून झाला. साक्षीदार कृष्णवर्णीय, तर आरोपी स्वतःला गोरा म्हणवणारा. गोऱ्याविरुद्ध त्यांची साक्ष चालत नसल्याने तो सुटला.

१८६५मध्ये गुलामगिरी संपली, पण गिऱ्हाईक बदलले नाही. गुलामीत जन्मलेल्या अलोन्झो हर्न्डनने अटलांटात झुंबरे आणि संगमरवर लावून दुकान थाटले. तिथे त्याच्याच समाजातल्या माणसाला मात्र खुर्ची मिळत नसे. डरहॅममध्ये जॉन मेरिकच्या दुकानी तंबाखूचे कारखानदार येत. या दोघांनी गोऱ्यांकडून कमावलेला पैसा आपल्या लोकांसाठी कामी आणला. गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीयांना विमा नाकारत किंवा तेवढ्याच हप्त्यात कमी रक्कम देत. म्हणून मेरिकने सहकाऱ्यांसह १८९८मध्ये आणि हर्न्डनने १९०५मध्ये विम्याचा व्यवसाय उभारला.

एव्हाना वारे फिरले होते. युरोपातून आलेल्या न्हाव्यांची स्पर्धा वाढली, सेफ्टी रेझरमुळे दाढी घरीच होऊ लागली. १९२६मध्ये अटलांटा शहराने तर कृष्णवर्णीय न्हाव्यांना गोऱ्या स्त्रियांचे आणि १४ वर्षांखालील मुलांचे केस कापायला मनाई करणारा ठराव केला. तो न्यायालयात टिकला नाही, पण रोख स्पष्ट होता. नव्या पिढीने आपल्याच वस्तीत दुकाने घातली. कमाई पूर्वीपेक्षा बेताची, पण गिऱ्हाईक आपले. पोट गोऱ्या मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसल्याने, मतदार नोंदणीची उघड चर्चा केली म्हणून या न्हाव्याला कामावरून काढून टाकणारे कोणी नव्हते. नागरी हक्कांच्या चळवळीला ही मोकळीक फार मोलाची ठरली.

त्याच वाटेने आपण २०१८पर्यंत येतो. लॉस एंजेलिस परिसरातील ५२ दुकानांत ३१९ गिऱ्हाइकांवर केलेला रक्तदाबाचा अभ्यास त्या वर्षी प्रसिद्ध झाला. जिथे औषधतज्ज्ञ दुकानातच येऊन उपचार करत, तिथे वरचा रक्तदाब सहा महिन्यांत सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्याने नुसता डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला, तिथे सुमारे ९ अंकांनी. पहिल्या ठिकाणी उपचारच विश्वासाच्या जागी मिळाले. हा विश्वास पिढ्यान्‌पिढ्या दुकान आपल्या माणसाच्या मालकीचे राहिल्याने जमलेला आहे. अशी दुकाने बंद पडू दिली, तर तो दुसरीकडून विकत आणता येणार नाही.